दिव्यांची अवस आणि शेतातला साक्षीदार

आषाढाचा शेवटचा दिवस म्हणजे दिव्यांची अवस. घरातील समया, निरांजने, लामणदिवे, फार दिवस अडगळीत पडलेले कंदीलसुद्धा या दिवशी घासूनपुसून लख्ख केले जातात. पाटावर वस्त्र अंथरून व भोवती रांगोळी रेखून ते मांडले जातात, कणकेचे गोड दिवे उकडले जातात आणि तिन्हीसांजेला घरातील सुवासिनी दीपपूजा करते. दुसऱ्या दिवशी श्रावण लागतो. अलीकडे या पवित्र तिथीला एक ओंगळ नाव चिकटले आहे. पण त्याविषयी हळहळण्यात या पृष्ठाची जागा आम्ही दवडत नाही. ज्या घरांत आज दिवे मांडले जातील त्या घरांशीच आम्हांस बोलावयाचे आहे. आणि बोलावयाचे आहे ते देवघरातील दिव्याचा एक भाऊ जो शेताच्या बांधावर उभा असतो, त्याच्याविषयी.

त्या दिव्यास कृषी खात्याच्या भाषेत 'प्रकाश सापळा' म्हणतात. रचना अगदी साधी. बांबूची तिकाटी उभारावयाची, पिकाच्या शेंड्यापेक्षा हात-दीड हात उंच एक दिवा टांगावयाचा आणि त्याच्याखाली रॉकेलचे चार थेंब किंवा साबणाचा चुरा टाकलेल्या पाण्याचे पसरट घमेले ठेवावयाचे. अंधार पडला की रात्री उडणारे पतंग, भुंगेरे, तुडतुडे दिव्याभोवती जमतात, घिरट्या घालतात आणि घमेल्यात पडतात. पूर्वी यासाठी कंदील किंवा गॅसबत्ती असे. पुढे विजेचे दिवे आले. आता सूर्याच्या उन्हावर दिवसा भरणारे, अंधारताच आपोआप लागणारे आणि ठरल्या वेळी मालवणारे दिवेही मिळतात.

कोणी म्हणेल, सणाच्या पवित्र दिवशी किडे मारण्याची कथा कशाला? वाचकहो, आमचे म्हणणे असे की शेतातील दिव्याचे पहिले काम मारणे हे नव्हेच. त्याचे पहिले काम आहे साक्ष देणे. आणि हे दिव्याचे साक्षीपण या सणाच्या कहाणीतच सांगितलेले आहे.

कहाणीतील साक्ष

आजची कहाणी घरोघर वाचली जाईल. राजाच्या सुनेने घरातील खाद्यपदार्थ स्वतः खाल्ला आणि आळ घातला उंदरांवर. उंदरांनी मनात दंश धरला. रात्री त्यांनी तिची चोळी पाहुण्याच्या अंथरुणात नेऊन टाकली. लोकापवाद उठला व सून घराबाहेर काढली गेली. तिचा नेम असा की रोज स्वतः दिवे घासावे, तेलवात करावी आणि अवसेला दिव्यांना नैवेद्य दाखवावा. ती गेल्यावर तो नेम बंद पडला. पुढे अवसेच्या रात्री शिकारीहून परतणारा राजा एका झाडाखाली उतरला असता त्याने काय पाहिले? गावातील सारे दिवे झाडावर येऊन बसले आहेत आणि एकमेकांना आपापल्या घरची हकीकत सांगत आहेत. राजाच्या घरचा दिवा मात्र खिन्न होता. त्याने खरे काय घडले ते सांगितले, राजाने ते ऐकले आणि निरपराध सून सन्मानाने घरी आली.

या कहाणीत अन्याय दोनदा होतो आणि दोन्ही वेळा तो शहानिशा न करता आळ घातल्यामुळे होतो. पहिला आळ उंदरांवर, दुसरा सुनेवर. दोन्हींचा उलगडा होतो तो दिव्याच्या साक्षीने. आता ही गोष्ट शेतात नेऊन पाहा. आपल्या प्राचीनांनी शेतीवरील संकटांना 'ईति' अशी संज्ञा दिली असून अतिवृष्टी, अनावृष्टी यांच्याबरोबर मूषक, शुक आणि शलभ यांची गणना तीत केली आहे. शलभ म्हणजे टोळ, पतंग इत्यादी कीटक. पिकाचे पान कुरतडलेले दिसले, की शेतकरी घाबरतो आणि शहानिशा न करता सरसकट विष फवारतो. परंतु शेतात दिसणारा प्रत्येक किडा पिकाचा वैरी नसतो. ढालकिडे मावा खातात, कोळी तुडतुडे खातात, चतुर उडते पतंग पकडतात, आणि गांधीलमाशीच्या कुळातील कित्येक सूक्ष्म कीटक पिकाच्या वैऱ्याच्या अंड्यांतच आपली अंडी घालतात. सरसकट फवाऱ्यात अपराधी व निरपराधी दोघेही मरतात; आणि निरपराधी मेल्यामुळे अपराध्यांचे पुढील पीक अधिकच फोफावते.

बांधावरचा दिवा अशा वेळी राजाच्या घरच्या दिव्याचे काम करतो. सकाळी घमेल्यातील पाणी गाळावे आणि काय पडले ते वेचून पाहावे. भातशेतीत पुढच्या पंखांवर एकेक काळा ठिपका असलेले पिवळसर पतंग सापडू लागले, तर तो पिवळ्या खोडकिड्याचा मादी पतंग होय. त्याची अंडी पानांवर पडत आहेत आणि आठवड्याभरात अळ्या खोडात शिरणार आहेत असे समजावे. त्या अळीने लहान रोपाचा गाभा मरतो, आणि पीक पोटरीत आल्यावर लोंबी पांढरी व दाण्याविना निघते, तिला पळींज म्हणतात. अळी एकदा खोडात शिरली की वरून फवारलेले औषध तिच्यापर्यंत सहसा पोहोचत नाही. म्हणून जे करावयाचे ते आधी. अंडीपुंज असलेली पाने खुडून नष्ट करता येतात, खोडकिड्याच्या अंड्यांवर जगणाऱ्या ट्रायकोग्रामा या सूक्ष्म कीटकाची कार्डे वेळेवर लावता येतात. ही वेळ सांगणारा साक्षीदार म्हणजे दिवा.

साक्षीदाराची उलटतपासणी

परंतु साक्षीदार कितीही सत्यवचनी असला, तरी त्याची उलटतपासणी करावीच लागते. इंग्लंडमध्ये रॉथॅमस्टेड येथील शेतकी संशोधन केंद्रात सी. बी. विल्यम्स या शास्त्रज्ञाने १९३३ सालापासून रात्री दिवा लावून त्यात सापडणाऱ्या कीटकांची गणना आरंभिली. अशा गणनांतून एक गोष्ट स्पष्ट झाली की चांदण्या रात्री सापळ्यात किडे कमी पडतात, अंधाऱ्या रात्री अधिक पडतात. तसेच थंडी, वारा व पाऊस यांनीही आकडा खालीवर होतो. म्हणजे पौर्णिमेच्या सुमारास घमेले रिकामे दिसले म्हणून कीड गेली असे मानणे भाबडेपणाचे. आणि अवसेला घमेले भरले म्हणून संकट दुप्पट झाले असे मानणेही उतावळेपणाचे. रोजचा आकडा वहीत लिहावा, शेजारी तिथी लिहावी, आणि मागील अवसेची तुलना या अवसेशी करावी. आपल्या घराघरांत पंचांग असते. त्याचा हा उपयोगही शेतकऱ्याने अवश्य करावा.

दीपपूजेचा सण कीड मारण्यासाठीच निर्माण झाला, असे म्हणण्याचा मोह काहींना होतो. धर्मग्रंथांत तसा आधार आम्हांस आढळलेला नाही, आणि पूजेचा महिमा वाढविण्यासाठी तसा आधार कल्पिण्याची गरजही नाही. उलट ऊसकरी शेतकऱ्याने हुमणीसाठी दिव्यांच्या अवसेची वाट पाहिली, तर त्याचा घातच होईल. हुमणीचे भुंगेरे वळवाच्या किंवा मृगाच्या पहिल्या पावसानंतर संध्याकाळी जमिनीतून बाहेर पडतात. कडुनिंब, बाभूळ अशा झाडांवर जमतात, तेथे पाला खातात, त्यांचा समागम होतो आणि पहाटेपूर्वी ते पुन्हा मातीत शिरतात. एक मादी सुमारे ५० ते ६० अंडी घालते. आषाढ सरेपर्यंत भुंगेऱ्यांचा भर ओसरलेला असतो. जमिनीखाली पांढऱ्या, इंग्रजी 'सी' अक्षरासारख्या वाकड्या अळ्या मुळे खात असतात आणि वर ऊस पिवळा पडू लागतो. मातीतली अळी दिव्याकडे येत नाही. म्हणून हुमणीसाठी दिवा लावावयाचा तो पहिल्या पावसाच्या संध्याकाळी. त्याच वेळी कडुनिंब-बाभळीच्या फांद्या हलवून खाली पडणारे भुंगेरे गोळा करावे. आमच्या भीमाकाठी ऊस पुष्कळ, म्हणून हे विस्ताराने लिहिले. भातकऱ्यास मात्र श्रावण-भाद्रपदाच्या रात्री महत्त्वाच्या. तेव्हा तिथी पूजेची एक असली, तरी प्रत्येक किडीची वेळ वेगळी असते, हे ध्यानी ठेवावे.

पतंगाचा भ्रम

आता पतंग दिव्याकडे येतो तरी का, याचा विचार करू. श्रीमद्भागवताच्या एकादश स्कंधात अवधूताने आपले चोवीस गुरू सांगितले. त्यांत पतंग हा एक गुरू आहे. रूपाच्या मोहाने तो अग्नीत झेप घेतो, त्यावरून दृष्टीच्या विषयापासून सावध राहण्याचा धडा अवधूताने घेतला. नाथमहाराजांनी याच स्कंधावर मराठीत विस्तृत टीका लिहिली, आणि तेव्हापासून कीर्तनाच्या बैठकीत हा पतंग अखंड फिरतो आहे. गीतेच्या अकराव्या अध्यायातही विश्वरूपाच्या मुखात शिरणाऱ्या वीरांना पतंगांचीच उपमा दिली आहे.

या प्रश्नावर २०२४ साली लंडनच्या इंपीरियल कॉलेजातील व अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी मिळून एक निबंध प्रसिद्ध केला. अतिशय वेगवान कॅमेऱ्यांनी त्यांनी दिव्याजवळील कीटकांचे उड्डाण टिपले. त्यांना दिसले ते असे. उडणारा कीटक आपली पाठ नेहमी अधिक उजेडाकडे ठेवतो. कारण रात्रीदेखील जमिनीपेक्षा आकाश अधिक उजळ असते. पाठ उजेडाकडे ठेवली, की आपण सरळ उडतो आहोत याची त्यास खात्री पटते. कोट्यवधी वर्षे ही खूण खरी ठरली. पण मधेच माणसाने दिवा लावला. कीटक जवळून जाताना आपली पाठ दिव्याकडे वळवतो, आणि मग गोलगोल घिरट्यांत सापडतो. दिव्याच्या वर गेला, तर पाठ खाली करू पाहताना उलटा होऊन कोसळतो. काही थोड्या जातींत ही खोड दिसली नाही, परंतु पुष्कळांत दिसली.

म्हणजे पतंग दिव्यावर भाळलेला नसतो, तर चुकलेला असतो. लहानशा दिव्याला तो आकाश समजतो. यामुळे संतांचा दृष्टांत बाधित होतो काय? मुळीच नाही. संस्कृतात 'पतंग' या शब्दाचा एक अर्थ सूर्य असाही आहे. खऱ्या सूर्याच्या, खऱ्या आकाशाच्या जागी जवळचा मिणमिणता दिवा मानून त्याभोवती आयुष्य घालवणे, यालाच शास्त्रात अध्यास म्हटले आहे. जे नव्हे त्यालाच ते मानणे. आपणही संपत्तीच्या, सत्तेच्या लहान दिव्यांना आकाश मानून फिरतो. दृष्टांत उलट अधिक खोल झाला.

या शोधातून व्यवहाराचाही एक धडा मिळतो. दिवा शत्रू ओळखून बोलावीत नाही. जो जवळून जाईल त्याला तो भोवळ आणतो, मग तो पिकाचा वैरी असो वा मित्र. त्यातही सारेच प्रकाश सारखे नव्हेत. बहुतेक निशाचर कीटकांचे डोळे जांभळ्यापलीकडील, म्हणजे अतिनील व निळ्या प्रकाशाला फार संवेदनशील असतात, तर पिवळ्या-तांबड्या प्रकाशाला त्या मानाने कमी. म्हणून सापळ्यात अतिनील दिवे वापरतात. आपल्या समईची तेलाची ज्योत पिवळसर. तिच्यावर किडे येतात, पण थोडे. समईने शेत राखले जाईल असा समज कोणी करून घेऊ नये. आणि अतिनील दिव्याकडे मुलांनी टक लावून पाहू नये हेही लक्षात ठेवावे.

पाप लागते काय?

श्रद्धाळू शेतकऱ्याच्या मनात एक प्रश्न असतोच. किडे मारल्याचे पाप लागते काय? हा प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाही. मनुस्मृतीने गृहस्थाच्या घरात पाच 'सूना', म्हणजे वधस्थाने सांगितली आहेत. चूल, पाटा-वरवंटा, केरसुणी, उखळ-मुसळ आणि पाण्याची घागर. यांच्या वापरात जीवजंतू मरतातच. शास्त्राने म्हणून चूल बंद करा असे सांगितले नाही. त्याने पंचमहायज्ञ सांगितले, आणि त्यांत भूतयज्ञ, म्हणजे प्राणिमात्रांसाठी अन्नाचा भाग काढणे, हाही एक ठेवला. याचे मर्म असे की, संसारात काही हिंसा अटळ आहे. परंतु जो ती करतो त्याने तिची जाणीव ठेवावी, ती गरजेपुरतीच ठेवावी आणि ऋण मानावे.

हाच प्रश्न चीन देशात तेराशे वर्षांपूर्वी राजदरबारात उभा राहिला होता. इसवी सन ७१६ साली तेथे टोळधाड आली. याओ चोंग नावाच्या प्रधानाने आज्ञा केली की रात्री शेतांत आगट्या पेटवाव्या, शेजारी खड्डे खणावे, उजेडाकडे येणारे टोळ जाळावे व पुरावे. अनेक अधिकाऱ्यांनी विरोध केला. त्यांचे म्हणणे, टोळ ही दैवी आपत्ती, ती राजाच्या सदाचरणानेच टळावयाची. दुसऱ्या एका प्रधानाने इतके जीव मारल्याने सृष्टीचा मेळ बिघडेल अशी भीती घातली. याओ चोंगचे उत्तर असे की, टोळ राखून धान्य संपले, तर प्रजेने काय करावे? प्रजेचे प्राण वाचविताना टोळ मारल्याने काही अरिष्ट यावयाचे असेल, तर ते आपण आपल्या माथी घेऊ. आम्हांस या कथेत दोन गोष्टी मोलाच्या वाटतात. त्याने भूक हा धर्माचा प्रश्न मानला, आणि हिंसेची जबाबदारी दुसऱ्यावर ढकलली नाही.

आज त्या जबाबदारीचा अर्थ आणखी गंभीर झाला आहे. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर कीटकनाशके फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले आणि शेकडो रुग्णालयांत गेले. ज्या घरांतील कर्ते पुरुष गेले, त्या घरांत त्या वर्षी दिवाळीचा दिवा कसा लागला असेल? दिव्याने फवारणी संपूर्ण थांबेल असे आम्ही म्हणत नाही. पण कीड किती व कोणती हे आधी कळले, तर एखादी फवारणी वाचते, आणि वाचलेली प्रत्येक फवारणी म्हणजे एका माणसाच्या श्वासातून टळलेले विष होय.

दिव्याची मर्यादा, दिव्याचा नेम

सापळा लावणाऱ्याने काही नेम पाळावे. पहिला नेम वेळेचा. कृषी मार्गदर्शनात सामान्यतः अंधार पडल्यापासून रात्री दहा-साडेदहापर्यंतच दिवा लावण्यास सांगतात. रात्रभर जळणारा दिवा मित्रकीटकांचा विनाकारण संहार करतो. दुसरा नेम जागेचा. साधारणतः हेक्टरी एक सापळा, आणि तोही पिकाच्या मध्यभागी न लावता बांधाच्या कडेला. कारण दिव्याकडे आलेले सारेच किडे घमेल्यात पडत नाहीत. उरलेले आसपासच्या पिकावर बसतात. तिसरा नेम संघाचा. एकट्याने दिवा लावला, तर तो शेजाऱ्याचे किडे आपल्या शेतात बोलावतो. साऱ्या शिवाराने एकाच काळात दिवे लावले, तरच उपयोग. चौथा नेम विवेकाचा. सापडलेले मित्रकीटक निसटावेत अशी सोय असलेले सापळेही आता बनतात, मिळतील तेथे तेच घ्यावे. आणि पाचवा नेम अपेक्षेचा. सापळ्यात पडलेल्या कित्येक माद्यांनी अंडी आधीच घातलेली असतात, आणि अळ्यांना तर दिवा शिवतही नाही. म्हणून दिवा हा एकमेव उपाय नव्हे. अंडीपुंज खुडणे, धसकटे काढणे, पिकाची फेरपालट यांबरोबरच तो शोभतो.

क्षेत्रवासीयांनाही आमची एक विनंती आहे. मंदिरांच्या शिखरांवर आणि उत्सवमंडपांत प्रखर पांढरे झोत रात्रभर सोडण्याची चाल पडत चालली आहे. त्या झोतांभोवती रात्रभर फिरून सकाळी झाडून टाकले जाणारे जीव कोणाच्याही पिकाचे रक्षण करीत नाहीत. ती केवळ निष्कारण हिंसा होय. मृगाच्या सुमारास सह्याद्रीत झाडे उजळणारे काजवे आपल्या जोडीदाराला इवल्या प्रकाशानेच हाक मारतात, आणि मोठ्या झोतात ती हाक बुडून जाते. शेजारती झाली, देव निद्रिस्त झाले, की झोतही मालवावे.

आपल्या भाषेत घरातील वडीलधारी माणसे 'दिवा विझवला' असे म्हणत नाहीत. ती म्हणतात, दिवा शांत केला. या शब्दयोजनेत केवळ अशुभाचे भय नाही, एक शिस्त आहे. दिवा लावणे हे जसे कर्म, तसे काम झाल्यावर तो शांत करणे हेही कर्मच. आज सायंकाळी ज्या घरांत दीपपूजा होईल, त्यांपैकी ज्यांचे शेत आहे त्यांनी पाटावर एक दिवा शेताचाही मांडावा, मग तो कंदील असो वा सौरदिवा. त्याला हळदकुंकू वाहावे. आणि रात्री तो बांधावर नेऊन ठरल्या वेळी शांत करावा. सकाळी मात्र घमेल्यापाशी बसून तो काय सांगतो ते नीट ऐकावे, वहीत लिहावे, आणि कोणावरही आळ घालण्यापूर्वी ती वही उघडून पाहावी.